घरचा जमाखर्च : मोटारीचें पेट्रोल कोठें जातें ?

गेल्या महिन्यांत या सदरांत विजेच्या बिलाचा विचार केला होता. त्यावर आलेल्या एका पत्रांत एक भगिनी विचारतात, "दिवा कोणीं जळत ठेवला हें निदान डोळ्यांना दिसतें, पण मोटारीच्या टाकींतलें पेट्रोल कोठें जातें, हें घरांतल्या माणसानें ओळखावें कसें?" या प्रश्नाचें उत्तर मला ठाऊक आहे, परंतु तें पुस्तकांतून मिळालेलें नाहीं. गेल्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्याच घरांत, मान खालीं घालून, मला तें शिकावें लागलें. म्हणून तें जसें सांपडलें तसेंच सांगतों. त्यांत आंकडे आहेत, आणि थोडी लाजेचीही गोष्ट आहे. ती गाळून नुसते आंकडे दिले तर त्यांचा उपयोग निम्मा होईल असें वाटतें.

आमचें घर कोल्हापुरालगतच्या उचगांवीं. जवळच गांधीनगरची कापडपेठ, जवळूनच पुणें–बेंगळूरचा महामार्ग, आणि मधून मधून अजून टिकलेले उसाचे मळे. घरांत माझे थोरले बंधु, म्हणजे दादा, वहिनी, आम्ही उभयतां, दोन मुलगे, दोन सुना व तीन नातवंडें. एवढ्या मंडळींत मोटार एकच. 2017 सालीं घेतलेली पेट्रोलची लहान गाडी. जवळच्या कामास घरांतील कोणीही ती चालवितो. नोकरींतून निवृत्त झाल्यावर मींही हात बसविला. लांबचा प्रवास किंवा घाट असला म्हणजे मात्र गांवांतील एका धंदेवाईक चालकास बोलावितों. तो माझाच जुना विद्यार्थी. पंचेचाळिशी उलटून गेली तरी मला अजून 'सर' म्हणतो आणि आमचीं नातवंडें त्याला 'काका' म्हणतात.

घरचा जमाखर्च वहिनींच्या हातीं. गाडी नवी होती त्या वर्षीं त्यांनीं हिशेब केला होता, तो लीटरला सतरा किलोमीटर भरला होता. मधल्या वर्षांत कोणीं मोजलें नाहीं. गेल्या जुलईंत पेट्रोलचा खर्च डोळ्यांवर आला म्हणून पुन्हां हिशेब केला, तों तो साडेतेराच भरला. रात्रीं पानावर बसल्यावर दादा म्हणाले, "टाकींतलें तेल आपोआप आटत नाहीं. कोणाच्या तरी कॅनमध्यें जात असेल." नांव कोणाचें घेतलें नाहीं, पण बाहेरचा माणूस गाडीला हात लावणारा एकच, हें सर्वांच्याच मनांत आलें.

दुसऱ्या दिवशीं तो कांहीं कामानें आला असतां मीं त्याला विचारलें, "कां रे, पेट्रोल भरतांना तूं एकटाच असतोस. यंत्राचा आंकडा शून्यावरून सुरू होतो तें पाहतोस ना ?" शब्दांत वावगें कांहीं नव्हतें, परंतु मास्तराच्या आवाजांतला संशय विद्यार्थ्याला बालवयापासून ओळखतां येत असतो. तो क्षणभर थांबला व म्हणाला, "सर, पंचवीस वर्सं लोकांच्या गाड्या चालवतोय. किल्ली हितं ठेवतो." गाडीची एक किल्ली नेहमीं त्याच्यापाशीं असे, ती तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून तो निघून गेला, आणि पुढें दोन-अडीच महिने आमच्या दाराशीं फिरकला नाहीं.

त्या सायंकाळीं वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, वर्गांत कोणाची पेन्सिल हरवली तर तुम्ही साऱ्यांचीं दप्तरें पाहत होतां. येथें एकाचेंच पाहिलेंत." मजजवळ उत्तर नव्हतें. त्यांनींच एक शंभर पानी वही आणून माझ्यापुढें ठेवली.

ही वही ठेवण्याची रीत सोपी आहे व ती कोणत्याही घरांत चालेल. टाकी प्रत्येक वेळीं पूर्ण भरावी; नळीचा खटका पहिल्यांदा आपोआप बंद पडला कीं तेथेंच थांबावें, वर थेंबभरही घालूं नये. शक्य तों पंप एकच असावा. भरतेवेळीं तारीख, गाडीच्या घड्याळांतील एकूण किलोमीटर आणि भरलेले लीटर हीं तीन टिपावीं. मागील भरण्यापासून जितके किलोमीटर झाले त्यांस आतां भरलेल्या लीटरांनीं भागलें कीं उत्तर येतें. उदाहरणार्थ, 412 किलोमीटर झाले आणि 29.4 लीटर मावलें, तर लीटरला 14. एका भरण्यावरून निष्कर्ष काढूं नये; तीन-चार भरण्यांची सरासरी घ्यावी. आम्हीं आणखी दोन रकाने वाढविले : गाडी कोणीं नेली आणि कोणत्या कामासाठीं. पुढें सर्व उजेड पडला तो या दोन रकान्यांमुळेंच.

आंकडे सांगण्यापूर्वीं मूळ गोष्ट थोडी समजून घेऊं. 'इंधन' हा शब्द 'इन्ध्' म्हणजे पेटविणें या धातूपासून आलेला आहे, आणि मोटारीच्या इंजिनांत अक्षरशः पेटविण्याचेंच काम चालतें. पेट्रोल पेटून जी उष्णता निघते तिचा सामान्यतः चौथा ते तिसरा हिस्साच गति देण्याच्या कामीं येतो. बाकीची धुराच्या नळींतून आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते. हा इंजिनाचा स्वभावच आहे. त्यावर घरगुती इलाज नाहीं. जो हिस्सा चाकांपर्यंत पोंचतो त्याचे खाणारे मुख्यतः चार : हवेचा विरोध, टायरांचें घर्षण, चढण आणि ब्रेक. चढणीचा खर्च पुढें उतारावर थोडाफार परत मिळतो. ब्रेकचा खर्च मात्र कधींच परत येत नाहीं. पेट्रोल जाळून आपण वेग विकत घेतों, आणि ब्रेकवर पाय दिला कीं तो सारा वेग ब्रेकच्या तबकड्या तापविण्यांत जातो. ब्रेक लावूं नये असा याचा अर्थ नव्हे. जीव पेट्रोलपेक्षां मोलाचा आहे. पण पुढें थांबावें लागणार हें दिसत असतां शेवटपर्यंत पेट्रोल देत जाणें व मग ब्रेक दाबणें, हें एका हातानें दळून दुसऱ्या हातानें सांडण्यासारखें आहे.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं 50 किलोमीटर वेगाला हवा गाडीस जितक्या जोरानें मागें रेटते, त्याच्या चौपट जोरानें ती 100 ला रेटते. कोल्हापूर ते पुणें हें अंतर सुमारें 230 किलोमीटर. ताशीं 80 च्या सरासरीनें गेल्यास पावणेतीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. 100 नें गेल्यास सुमारें पस्तीस मिनिटें वांचतात, परंतु हवेशीं झगडण्याचा खर्च दीडपटीहून अधिक होतो. पस्तीस मिनिटांची किंमत ज्यानें त्यानें ठरवावी. 1978 सालीं स्थापन झालेली पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था ताशीं 45 ते 55 किलोमीटर हा वेग सर्वांत काटकसरीचा म्हणून सांगत आली आहे, त्याचें कारण हेंच. महामार्गावर 50 नें जाणें सर्वांना जमणार नाहीं. पण 100 चे 80 करणें सर्वांच्या हातचें आहे.

आतां आमच्या वहीकडे वळूं. ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत सतराचे साडेतेरा कां झाले याचीं चार कारणें तींत सांपडलीं.

पहिलें कारण आमच्या घराबाहेरचें होतें, आणि गंमत अशी कीं तें आमच्या परसापलीकडे उभें होतें. तें म्हणजे ऊस. पेट्रोलांत मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मिसळण्याची कल्पना जुनी आहे. 1948 सालींच आपल्याकडे त्याविषयीं कायदा झाला होता. परंतु ती खरी अमलांत आली अलीकडे. जून 2022 मध्यें देशांत हें प्रमाण शेंकडा 10 झालें आणि 2025 सालीं शेंकडा 20 पर्यंत पोंचलें. एक लीटर इथेनॉलांत एक लीटर पेट्रोलाच्या सुमारें दोन-तृतीयांशच उष्णता असते. म्हणजे शंभर भागांतील वीस भागांची तिसऱ्या हिश्श्यानें तूट. ती शेंकडा साडेसहाच्या आसपास येते. इथेनॉलरहित पेट्रोलासाठीं बनविलेल्या आणि शेंकडा 10 मिश्रणास जुळविलेल्या मोटारींस शेंकडा 6 ते 7 तूट येईल, असा अंदाज नीति आयोगानेंही 2021 च्या आपल्या आराखड्यांत दिला होता. नव्या, या मिश्रणासाठींच जुळविलेल्या गाड्यांस ती याहून बरीच कमी. आमची गाडी 2017 ची. म्हणजे सतरांतील सुमारें एक किलोमीटर येथें गेला. परदेशी तेलाची आयात कमी व्हावी, ऊसकऱ्याला गिऱ्हाईक मिळावें, हा या धोरणाचा हेतु आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं शेंकडा 85 हून अधिक बाहेरून येतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो हेतु समजतो. पण गृहिणीच्या वहींत तो एक किलोमीटर तुटीचा आहे हेंही तितकेंच खरें, आणि तो कोणा चालकानें नेलेला नाहीं.

दुसरें कारण आमच्या डोक्यावर होतें. मे महिन्यांत गाणगापूरच्या यात्रेस जातांना सामानासाठीं गाडीच्या टपावर कॅरिअर बसविला होता. यात्रेहून आल्यावर तो काढावयाचा कोणालाच सुचलें नाहीं. रिकामा कॅरिअर देखील हवेला अडवितो. त्यावर पेटी बांधलेली असली तर मोकळ्या रस्त्यावर शेंकडा सहापासून सतरापर्यंत तूट येऊं शकते, असें अमेरिकेंतील मोजमापांत आढळलें आहे. तीच गोष्ट वजनाची. मागच्या डिकींत आमच्या घरचें काय काय निघालें याची यादी देत नाहीं. एक पाटा मात्र सांगतों, जो धाकट्या सूनबाईंच्या माहेरीं पोंचवावयाचा म्हणून जानेवारीपासून आमच्याबरोबर हिंडत होता. साधारण 45 किलो जादा वजनामागें लहान गाडीस शेंकडा एकाच्या आसपास तूट येते.

तिसरें कारण टायरांतील हवा. दाराच्या चौकटीवरील चिठ्ठींत 33 पौंड लिहिलेलें. प्रत्यक्षांत चारही चाकांत 26 च्या आसपास निघाली. टायर फुटलेला नसतांही महिन्यास सुमारें एक पौंड हवा आपोआप कमी होते, आणि डोळ्यांना तें दिसत नाहीं. दर पौंडामागें शेंकडा एकपंचमांश याप्रमाणें सात पौंडांस शेंकडा दीडच्या जवळ तूट. शिवाय टायर कडेनें झिजतो व जोराच्या पावसांत ब्रेक नीट धरत नाहीं. म्हणून हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे. हवा महिन्यांतून एकदां, गाडी थंड असतांना, घरापासून जवळच्या पंपावर पाहावी.

चौथें कारण लिहितांना लेखणी जड होते. वहीच्या 'कोणीं नेली' या रकान्यांत माझेंच नांव सर्वांत अधिक वेळां आलें. जूनपासून नातवाचा वर्ग राजारामपुरींत सुरू झाला. त्याला सोडणें-आणणें माझ्याकडे. वर्ग कधीं वेळेवर सुटत नाहीं, म्हणून मी बाहेर गाडींतच बसत असें. उकाडा होतो म्हणून थंड हवेचें यंत्र सुरू, अर्थात् इंजिनही सुरू, आणि हातांत वर्तमानपत्र. अशीं रोज वीस मिनिटें. उभ्या गाडीचें लहान इंजिन सुद्धां तासास अर्धा ते एक लीटर पेट्रोल घेतें. थंड हवा चालू असली तर एक लीटर धरावयास हरकत नाहीं. वीस मिनिटांस एक-तृतीयांश लीटर. महिन्याच्या चोवीस दिवसांस आठ लीटर! गाडी एक वीतही न हलतां आठ लीटर पेट्रोल मी वर्तमानपत्राबरोबर वाचून टाकीत होतों. दादांनीं जो कॅन सांगितला होता, तो मीच.

वही पुरी झाल्यावर कॅरिअर उतरविला, पाटा त्याच्या घरीं गेला, हवा भरली, आणि मी वर्गाबाहेरच्या झाडाखालीं कट्ट्यावर बसूं लागलों. दहा सेकंदांहून अधिक थांबावयाचें असेल तर इंजिन बंद करून पुन्हां सुरू करण्यासच कमी पेट्रोल लागतें, असें आतां मोजून ठरलेलें आहे. पुन्हां सुरू करण्यास फार तेल लागतें ही समजूत जुन्या गाड्यांबरोबर गेली. शिवाय जवळजवळचीं कामें एका फेरींत करण्याचा नेम ठेवला. कारण इंजिन थंड असतां पहिल्या कांहीं किलोमीटरांत तें अधिक पितें, आणि दळण, भाजी व टपाल अशा तीन वेगळ्या फेऱ्या म्हणजे तीनदां थंड सुरुवात. यानंतरच्या भरण्यांची सरासरी सोळा आली. सतरांतला एक किलोमीटर उसाचा. बाकी अडीच आमचे होते, ते परत आले.

याची किंमत काढून पाहा. महिन्यास 900 किलोमीटर धरले तर साडेतेराच्या हिशेबानें 66.7 लीटर लागतात, सोळाच्या हिशेबानें 56.25. म्हणजे दरमहा दहा लीटरांहून अधिक बचत. लीटरला शंभर रुपयांवर दर असतां ही वर्षाची रक्कम बारा हजारांच्या पुढें जाते. आमच्या घरीं तेवढ्यांत एका नातवंडाच्या वर्षभराच्या पुस्तकांची व वह्यांची सोय होते.

येथें दोन सूचना द्याव्याशा वाटतात. जाहिरातींत लीटरला जे किलोमीटर दिलेले असतात ते खोटे नसतात. परंतु ते प्रयोगशाळेंत, रुळांवर चाकें फिरवून, ठराविक क्रमानें काढलेले असतात. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही 1966 पासूनची संस्था अशीं प्रमाणपत्रें देते. तो आंकडा एका गाडीची दुसरीशीं तुलना करण्यास चांगला. त्यावरून घरच्या माणसाचा किंवा चालकाचा न्याय करूं नये. दुसरी सूचना, टाकींत टाकावयाच्या गोळ्या, नळीस बांधावयाचीं चुंबकें, 'तेल निम्मे वांचविणारीं' यंत्रें यांवर पैसा घालूं नये. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें अशा शंभरांहून अधिक वस्तु तपासल्या. भरीव उपयोगाची एकही सांपडली नाहीं. हवेची गाळणी स्वच्छ असावी हें खरें, पण नव्या गाड्यांत तिच्या मळानें जोर कमी होतो, पेट्रोल फारसें वाढत नाहीं. तो नियम कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांचा.

पेट्रोल जपण्याचा धडा आपल्याला नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, 1941 पासून, पेट्रोलवर रेशन आलें, तेव्हां लोणारी कोळशाच्या गॅसवर मोटारी धांवत. मागें भट्टी बांधलेली, चढणीला गाडीचा दम तुटे आणि उतारूंना खालीं उतरावें लागे, असें माझे वडील सांगत. 1973 च्या तेलसंकटांत पुन्हां सर्वांचे डोळे उघडले. त्या त्या वेळीं टंचाईनें शिकविलें. आतां टंचाई नसतांना स्वतः शिकावयाचें, एवढाच फरक.

आतां राहिली ती मुख्य गोष्ट. दिवाळीच्या आधीं एका सायंकाळीं ती वही काखेंत मारून मी त्या चालकाच्या घरीं गेलों. अंगणांत त्यानें खुर्ची दिली व स्वतः उभा राहिला. मीं वही उघडून त्याच्या हातीं दिली आणि म्हणालों, "चूक माझी होती. पेट्रोल मीच जाळीत होतों." त्यानें सावकाश पानें चाळलीं, राजारामपुरीचा रकाना पाहिला, आणि हंसूं दाबीत म्हणाला, "सर, मला मेमधीच कळालं हुतं, क्यारियर बगितला तवा. सांगणार हुतो. पर तुमी आधी इचारलंसा." या शेवटच्या वाक्यावर मला बोलतां आलें नाहीं. घरांतला सर्वांत जाणता माणूस कारण सांगावयास आला होता, आणि मीं त्याचें तोंडच बंद केलें होतें.

दिवाळीनंतर रत्नागिरीस एका लग्नास जावयाचें होतें. तो आला. मी मुद्दाम त्याच्या शेजारीं बसलों आणि प्रथमच त्याचा पाय पाहिला. मलकापूरच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर लांबवर दिसला, त्याबरोबर त्यानें पाय हलका केला. तेथें पोंचेपर्यंत समोरचा रस्ता मोकळा झाला आणि ब्रेक लावावाच लागला नाहीं. वेग साठ-सत्तरांच्या आंत, गिअर वेळेवर वर, कोठें धांवपळ नाहीं. आंबा घाट उतरूं लागल्यावर मीं माझें ज्ञान पाजळलें, "उतारावर न्यूट्रल केलीस तर तेल वांचेल ना ?" तो म्हणाला, "न्हाई सर. ती जुनी गोष्ट. आताच्या गाडीत गिअर टाकून पाय काडला की पेट्रोल जायचंच बंद हुतंय. चाकंच इंजिन फिरवत्यात. न्यूट्रल केली तर इंजिन चालू ठिवायला पेट्रोल लागतंय, आणि गाडी सगळी ब्रेकवर येती. घाटात ब्रेक तापलं म्हंजे संपलं."

हें सर्व शास्त्राप्रमाणें तंतोतंत खरें आहे. कित्येक लोक तर उतारावर किल्लीच बंद करतात. मग ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत जाते, सुकाणूं जड होतें किंवा अडकून बसतें. चार थेंब पेट्रोलासाठीं दरींत जाण्याचा हा मार्ग आहे. वाचकांपैकीं कोणी असें करीत असल्यास त्यांनीं आजपासून सोडून द्यावें. रत्नागिरीहून परत आल्यावर टाकी भरली, तों लीटरला अठरांहून थोडे अधिक आले. उसाचा वांटा जाऊनही.

घाट उतरतांना मला पतंजलीच्या महाभाष्यांतील एक गोष्ट आठवली. वर्गांत ती मीं अनेकदां हौसेनें सांगितलेली आहे. एक वैयाकरण एका सारथ्यास विचारतो, या रथाचा 'प्रवेता' कोण ? सारथी उत्तर देतो, मी याचा 'प्राजिता'. वैयाकरण म्हणतो, हा तर अपशब्द ! त्यावर सारथी शांतपणें सांगतो कीं, आपल्याला नियम कोठें लागतो एवढें ठाऊक आहे, पण शिष्टांना काय इष्ट आहे तें ठाऊक नाहीं; 'प्राजिता' हेंच रूप मान्य आहे. वैयाकरण चिडून त्याला हिणविण्यासाठीं एक शब्द वापरतो. तर सारथी तोही व्याकरणदृष्ट्या चुकला असल्याचें दाखवून, माझी निंदाच करावयाची तर शुद्ध शब्द कोणता, तें सांगतो. वर्गांत मुलें हंसत. मीही हंसत असें. त्या गोष्टींतला वैयाकरण आपल्या उचगांवांत राहतो, हें मात्र मला या वर्षीं कळलें.

संस्कृतांत सारथ्यास 'प्राजिता' म्हणजे पुढें हांकणारा असें नांव आहे, तसेंच 'यन्ता' म्हणजे आवरणारा असेंही आहे. केव्हां हांकावें आणि केव्हां नुसतें आवरावें, हें ज्याला कळतें त्याच्या हातीं गाडी दिली कीं पेट्रोल आपोआप वांचतें.

पत्र पाठविणाऱ्या भगिनींस माझें सांगणें एवढेंच कीं, पेट्रोल कोण पितो हें ओळखावयाचें असेल तर आधीं वही घालावी आणि तींत घरांतील सर्वांचीं नांवें लिहावीं, वडीलधाऱ्यांचेंही. टायरांतील हवा, टपावरील कॅरिअर, डिकींतील ओझें, उभ्या गाडीचें इंजिन आणि आपला उजवा पाय, या पांचांची तपासणी झाल्याशिवाय सहाव्या कोणावर बोट ठेवूं नये. पेट्रोलाची तूट पुढच्या भरण्यास भरून निघते. किल्ली ठेवून गेलेला माणूस प्रत्येक घरीं परत येईलच असें नाहीं; आमच्याकडे आला, हें आमचें भाग्य. ती किल्ली आतां पुन्हां त्याच्यापाशींच असते.

पुढील महिन्यांत स्वयंपाकाच्या गॅसचा हिशेब पाहूं. त्याविषयीं ज्यांना आपला अनुभव कळवावयाचा असेल त्यांनीं आंकड्यांसह अवश्य लिहावें.